मेडिक्लेम नामंजूर झाला? भांडण कंपनीशी नाही, त्या दीड पानाच्या पत्राशी आहे

आईचा क्लेम नामंजूर झाल्याचा मेल आला तेव्हा मी पतसंस्थेत कॅशच्या खिडकीवर होते. जानेवारी २०२५. दीड पानाची पीडीएफ, सगळी इंग्रजीत. अँजिओप्लास्टीचे २ लाख ८६ हजार रुपये आम्ही मिरजेच्या एका हॉस्पिटलात पदरचे भरले होते. कंपनीचं म्हणणं असं, की पेशंटला पाच वर्षांपासून ब्लड प्रेशर आहे, पॉलिसी घेताना ते लपवलं, सबब क्लेम देता येत नाही. खाली आणखी एक परिच्छेद होता: पॉलिसी रद्द का करू नये, याचा खुलासा करा.

आईला ॲडमिट केलं तेव्हा बीपी निघून पाचच महिने झाले होते.

पहिले दोन दिवस मी एजंटला फोन करण्यात घालवले. तो "ताई, बघतो मी" म्हणत राहिला. कस्टमर केअरवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण. मग डोक्यात प्रकाश पडला, की आपण रोज आवक-जावक सांभाळतो, दुसऱ्याच्या फाईलवर पोचेचा शिक्का मारतो आणि घरच्या कामात मात्र तोंडी बोलत बसलोय. तिथून पुढे सगळं लेखी केलं. ऑक्टोबरात पैसे मिळाले. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी तो सगळा रस्ता इथे लिहिते.

खरंच नामंजूर झालाय का?

पेशंट ॲडमिट असताना "कॅशलेस डिनाईड" असं कळलं, तर क्लेम गेला असं समजून रडू नका. कॅशलेस नाकारणं म्हणजे फक्त आत्ता हॉस्पिटलला परस्पर पैसे देणार नाही, एवढंच. बिल भरा, सगळे मूळ कागद घ्या आणि रिइम्बर्समेंटचा, म्हणजे भरलेले पैसे परत मागण्याचा, क्लेम टाका. (२९ मे २०२४ च्या परिपत्रकाने इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचं बंधन कंपन्यांवर घातलंय. बिलिंग काउंटरवर पाच-पाच तास बसवलं तर हे आठवा. तीन तासांपुढच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा आहे.)

दुसरा प्रकार "क्वेरी". कंपनी किंवा तिचा टीपीए (कंपनीतर्फे क्लेमचं काम बघणारी संस्था) एखादा रिपोर्ट मागतो, आपण दुर्लक्ष करतो, मग "कागदपत्रे न मिळाल्याने फाईल बंद" असं पत्र येतं. तिथे अपील करण्याआधी कागद द्या आणि फाईल पुन्हा उघडायला सांगा. बरेचदा तेवढ्यावर भागतं.

तिसरा प्रकार म्हणजे क्लेम मंजूर, पण कापून. याच्याविरुद्धही तक्रार करता येते. लोक मिळाले तेवढे घेऊन गप्प बसतात, म्हणून मुद्दाम सांगते.

आणि चौथं, रिपुडिएशन लेटर. सरळ नकार. ते फोनवर मिळालं असेल तर लेखी मागा. पत्राशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही.

पत्रातली तीन वाक्यं शोधा

प्रिंट काढा आणि पेन घेऊन बसा. कंपनीने पॉलिसीचं कुठलं कलम लावलंय? त्या कलमाखाली तुमच्याबद्दल काय आरोप केलाय? आणि तो आरोप कुठल्या कागदावरून केलाय? आईच्या पत्रात कलम होतं माहिती दडवल्याचं, आरोप होता "पाच वर्षांपासून बीपी", आणि आधार होता "हॉस्पिटलचे इनडोअर केस पेपर". बाकीचं दीड पान नुसता मसाला.

पॉलिसी वर्डिंगची पुस्तिका काढा आणि ते कलम मूळ शब्दांत वाचा. पत्रात अर्धवट उतरवलेलं असू शकतं, आणि नेमका "अपघात वगळून" वगैरे भाग गळालेला असतो.

याच २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या आढावा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही, आणि फेटाळताना कुठल्या अटीखाली ते नेमकं सांगावं लागतं. पत्रात कलमच नसेल किंवा समितीचा उल्लेख नसेल, तर तक्रारीत पहिला मुद्दा तोच घ्या.

आणखी एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. नामंजुरीच्या पत्रात जी कारणं दिली नाहीत ती कंपनीला नंतर सुनावणीत काढता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात २०१९ मध्ये म्हटलंय. म्हणजे लढाईचं मैदान त्या पत्राने आखून दिलेलं असतं. पत्रात तीन ओळींचं कारण असेल तर उत्तर त्या तीन ओळींना द्या. वीस वर्षं प्रीमियम भरला, घरची परिस्थिती अशी, एजंट तसा बोलला, हे सगळं खरं असलं तरी त्याने फाईल फक्त जाड होते.

केस पेपर मागा

डिस्चार्ज कार्ड आपल्याकडे असतं, पण कंपनीचा निर्णय ठरतो तो केस पेपरवर. ॲडमिट झाल्यापासून डॉक्टर आणि सिस्टर जे रोज लिहितात ते कागद. ते मागायचा पेशंटला हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत नकला द्याव्या लागतात. काउंटरवरची मुलगी "तसं देत नाही आम्ही" म्हणेल. दोन ओळींचा अर्ज लिहा, पोच मागा. मला तिसऱ्या दिवशी ६४ पानं मिळाली, झेरॉक्सचे पैसे घेऊन.

तिसऱ्या पानावर ॲडमिशनची हिस्ट्री होती. रात्री सव्वादोनला ड्युटीवरच्या डॉक्टरने घाईत लिहिलेलं: 'एचटीएन' (म्हणजे बीपी), पुढे ५ चा आकडा आणि इंग्रजी 'वाय'. पाच वर्षं. सातव्या पानावर सकाळच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांनी स्वतः विचारून लिहिलेलं: बीपी पाच महिन्यांपासून, गोळी चालू. एकाच फाईलमध्ये दोन गोष्टी, आणि टीपीएने त्यांना सोयीची तेवढी उचलली. आई छातीत कळा येत असताना त्या पोराला काय बोलली असेल, देव जाणे.

आता पुरावा कसा लावायचा? माझ्याकडे चार कागद जमले. फॅमिली डॉक्टरांची जून २०२४ ची चिठ्ठी, ज्यात बीपीची गोळी पहिल्यांदा सुरू झाली. औषधाच्या दुकानाची त्यानंतरची बिलं. पॉलिसी जून २०२२ ची, आणि २०२३ मध्ये आईने एका शिबिरात तपासणी केली होती त्या कार्डावर बीपी १२४/८० लिहिलेलं. आणि हार्टच्या डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र, की तिसऱ्या पानावरची नोंद चुकीची आहे. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

डॉक्टरांचं असं पत्र लागतंच, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. नामंजुरीनंतर आणलेल्या पत्राला कंपनी "मागाहून सुचलेलं" म्हणते, आणि तिचं अगदीच चुकतं असं नाही. जुने, क्लेमच्या आधीच्या तारखेचे कागद बोलतात. आणि मूळ केस पेपरवर खाडाखोड करून द्यायला कुणी तयार झालं तरी हात जोडून नको म्हणा. कंपनीकडे आधीची प्रत असते. आज जी नुसती चुकीची नोंद आहे, ती बनवाबनवी होऊन बसेल.

कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रतही मागा. आपण कशावर सही केली होती ते तिथे दिसतं. एजंटने सगळीकडे "नाही" लिहून टाकलेलं असतं आणि खाली सही आपली असते, हा अनुभव घरोघरी आहे.

कारण तसं उत्तर

आजार लपवला, असं कारण असेल तर आधी स्वतःशी खरं बोला. पॉलिसी घेताना आजार माहीत होता आणि फॉर्ममध्ये विचारूनही लिहिला नाही, तर बाजू पडकी आहे. सतवंत कौर संधू प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूनेच निकाल दिला. पण लपवल्याचं सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची आहे, हेही न्यायालयाने २०२४ च्या महाकाली सुजाता निकालात म्हटलंय. शिवाय आरोग्य विम्यात सलग ६० महिने पूर्ण झाले असतील तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी हीच मुदत आठ वर्षं होती. पॉलिसी एका कंपनीतून दुसरीत पोर्ट केली असेल तर आधीचे महिनेही धरा. म्हणून पोर्टिंगचे जुने कागद जपायचे.

"ॲडमिट करायची गरज नव्हती, ओपीडीत भागलं असतं" हे डेंग्यू, न्यूमोनिया, गॅस्ट्रोमध्ये हमखास येणारं कारण. इथे डॉक्टरांनी नुसतं "गरज होती" लिहून चालत नाही. ॲडमिट केलं त्या दिवशी प्लेटलेट किती, ऑक्सिजन किती, ताप किती दिवस, सलाईनमधून काय दिलं आणि घरी ठेवलं असतं तर कशाचा धोका होता, असे आकड्यांनिशी चार ओळींचं पत्र हवं.

वेटिंग पीरियडचं, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ काही आजारांचा क्लेम मिळत नाही त्याचं, कारण असेल तर तारखा मोजा. हर्निया, मोतीबिंदू, गुडघा वगैरेंना साधारण दोन वर्षं, आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने. अपघाताने झालेल्या दुखापतीला हे लागत नाही.

कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावर खरा क्लेम फेटाळू नये, असं इर्डाने सप्टेंबर २०११ मध्येच कंपन्यांना बजावलंय. उशीर का झाला ते पुराव्यासकट सांगा.

रूमच्या भाड्यावरून केलेली कपात मात्र कॅल्क्युलेटर घेऊन तपासा. पॉलिसीत रोजचे ४,००० असताना ८,००० ची खोली घेतली तर कंपनी डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा करते. इथवर नियमात बसतं. पण इर्डाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आयसीयूच्या भाड्यालाही नाही. स्टेंटची किंमत खोली बदलली म्हणून बदलत नाही ना! कपातीचा तक्ता मागवा आणि ओळ न् ओळ बघा.

पहिली पायरी: कंपनीचा तक्रार अधिकारी

प्रत्येक कंपनीत ग्रीव्हन्स ऑफिसर असतो. त्याचा मेल आणि पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांत किंवा कंपनीच्या वेबसाइटवर सापडतो. टीपीएला नाही, याला लिहायचं. मेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टनेही पाठवा. मी इंग्रजीत लिहिलं होतं, कारण वाचणारा कुठल्या शहरात बसलाय सांगता येत नाही, पण मुद्दे साधारण असे होते:

"विषय: पॉलिसी क्र. …, क्लेम क्र. …, दि. … च्या नामंजुरीविरुद्ध तक्रार.
आपण कलम … खाली 'पाच वर्षांपासून रक्तदाब' या कारणाने क्लेम नाकारला आहे. या कारणाचा आधार केस पेपरच्या पान ३ वरील एक नोंद आहे. त्याच केस पेपरच्या पान ७ वर 'पाच महिने' अशी नोंद आहे. रक्तदाबाचं पहिलं निदान जून २०२४ मध्ये, म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यावर दोन वर्षांनी झालं (जोड १). २०२३ च्या तपासणीत रक्तदाब सामान्य होता (जोड २). उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा खुलासा सोबत आहे (जोड ३). नामंजुरीला आढावा समितीची मंजुरी कधी मिळाली ते कळवावे. क्लेमची रक्कम व्याजासह द्यावी आणि पॉलिसी रद्द करण्याची नोटीस मागे घ्यावी."

एका पानात बसलं पाहिजे. जोडलेल्या प्रत्येक कागदावर वर कोपऱ्यात नंबर घाला. मूळ कागद कुणालाही देऊ नका.

पॉलिसी रद्द करण्याची नोटीस पत्रात दडलेली असेल तर तिला दिलेल्या दिवसांत वेगळं उत्तर द्या. आणि भांडण चालू असताना नूतनीकरणाची तारीख आली तर प्रीमियम भरा. रागाच्या भरात "आता हिला पैसेच देत नाही" म्हणून पॉलिसी मोडली, तर इतक्या वर्षांचं सातत्य आपल्याच हाताने गेलं.

कंपनीने १४ दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. आमची तेराव्या दिवशी काढली, जुन्याच पत्रातला परिच्छेद चिकटवून.

बीमा भरोसा

इर्डाचं हे तक्रार पोर्टल. १५५२५५ या टोल फ्री नंबरवरही तक्रार नोंदवता येते. इर्डा स्वतः निवाडा करत नाही, तक्रार कंपनीकडेच पाठवतं आणि तिच्या उत्तरावर लक्ष ठेवतं. रखडलेली फाईल हलायला उपयोगी, खऱ्या वादाच्या निकालासाठी नाही. तरी टोकन नंबर मिळतो, तो पुढे कामाला येतो.

विमा लोकपाल

विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारीचा निवाडा करणारा हा अधिकारी. माझ्या मते बहुतेक घरांसाठी खरं दार हेच. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकील आणताच येत नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई देता येते. नोव्हेंबर २०२३ पर्यंत ही मर्यादा ३० लाख होती. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीचा क्लेमही चालतो.

अटी तीन. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी, आणि तिने फेटाळलेली तरी हवी किंवा महिनाभर उत्तर दिलेलं नको. त्यानंतर एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जायचं. आणि त्याच विषयावर कोर्टात किंवा ग्राहक आयोगात केस चालू असता कामा नये.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे इथे लोकपालांची कार्यालयं आहेत, गोवा पुण्याकडे येतो. आपण राहतो त्या जागेवरून कार्यालय ठरतं. विमा लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर यादी आहे आणि तिथूनच ऑनलाइन तक्रार करता येते. सांगली-मिरज पुण्याकडे. मी एप्रिलमध्ये तक्रार भरली, संमतीचा फॉर्म सही करून पाठवला. मग कंपनीने लोकपालांना आपलं लेखी म्हणणं दिलं, त्याची प्रत मागून घेतली. तुम्हीही घ्या, ती वाचल्याशिवाय सुनावणीला बसू नका.

सुनावणी सप्टेंबरात व्हिडिओवर झाली. जेमतेम पंधरा मिनिटं. आईला मी शेजारी बसवलं होतं, कारण तक्रारदार ती. कंपनीचा प्रतिनिधी पान ३ वाचू लागला. मी म्हटलं, "साहेब, पान ७ बघावं." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग लोकपालांनी कंपनीला विचारलं, की पाच वर्षांपूर्वीची एखादी चिठ्ठी, एखादं बिल, काही मिळालंय का? नव्हतं. आईला एवढंच विचारलं, की गोळी कधी सुरू झाली. "जेष्ठात, वटपौर्णिमेच्या आसपास," आई म्हणाली. मी डोक्याला हात लावला, पण चिठ्ठीवरची तारीख जूनचीच होती.

सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यायचा नियम आहे. निकाल आपल्या बाजूने लागला तर कंपनीवर बंधनकारक असतो, आणि ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे उशीर केला तर कंपनीने तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये दंड द्यायचा. आम्हाला हातमोजे, नोंदणी फी असले न मिळणारे खर्च वजा जाऊन २ लाख ७४ हजार ६०० मिळाले. पॉलिसीही चालू राहिली.

ग्राहक आयोग

लोकपालांचा निकाल विरुद्ध गेला, तर तो आपल्यावर बंधनकारक नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा असतो. थेट तिथेही जाता येतं. मानसिक त्रासाची भरपाई हवी असेल, किंवा साक्षीपुराव्याची गुंतागुंत असेल, तर तेच बरं. पण वेळ लागतो. कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत, तारखा कशा पडतात ते सगळ्यांना माहीत आहे.

मुदत दोन वर्षांची, आणि ती लोकपालांकडे गेलो म्हणून थांबली असं धरून चालू नका. नामंजुरीच्या पत्राची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा आणि दोन वर्षांचा हिशेब त्याच तारखेपासून करा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या हेड ऑफिसच्या गावी पळावं लागत नाही. कुठल्या आयोगात जायचं ते क्लेमच्या रकमेवर नाही, भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे प्रीमियमवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यामुळे आपल्यासारख्यांचं सगळं तिथेच. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. वकील सक्तीचा नाही, पण प्रतिज्ञापत्र आणि मांडणी एकदा जाणकाराला दाखवा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. "क्लेम सोडवून देतो, वीस टक्के द्या" म्हणणाऱ्यांचे फोन येऊ लागतील, तेव्हा आधी वरच्या फुकटच्या पायऱ्या चढून बघा.

जिल्हा आयोगाचा निकाल मान्य नसेल तर राज्य आयोगात ४५ दिवसांत अपील. कंपनीलाही तीच मुदत आहे, आणि तिला अपील करायचं तर निकालातल्या रकमेच्या निम्मे पैसे आधी जमा करावे लागतात.